दोन आण्यांचा मोगरा

हुस्नबानोच्या कोनाड्यात मोगऱ्याच्या अत्तराची शिशी बारा महिने असायची, पण ते अत्तर तिनं स्वतःच्या अंगाला कधी लावलं नाही. जळगाव जामोदात तिला ओळखत नाही असं मुसलमानाचं घर नव्हतं, आणि ती आपल्या दारात यावी असं वाटणारंही एक घर नव्हतं. घरात बाईमाणूस गेलं की तिला बोलावणं जायचं. बोरीचा पाला टाकून ऊन केलेल्या पाण्यानं ती मयताला न्हाऊ घालायची, कापूर लावायची, कफन नेसवायची. मग कपाळ, नाक, तळहात, गुडघे, पावलं, म्हणजे नमाजात जी अंगं जमिनीला टेकतात त्यांच्यावर, अत्तराचं एकेक बोट फिरवायची. हे काम मूळ तिच्या सासूचं. सासू गेली तेव्हा तिला न्हाऊ घालायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून हुस्नबानोनं हात लावला, तो हात मग सुटला नाही. नवरा जब्बार पिंजारी होता. लोकांच्या गाद्या पिंजता पिंजता त्याच्या छातीत कापूस बसला आणि खोकून खोकून तो गेला. मागं राहिली एक बिलकिस आणि कोपऱ्यातली पिंजण.

अत्तर द्यायचा कादर. सातपुडा ओलांडून बऱ्हाणपुराहून माल आणायचा आणि लाकडी पेटी खांद्याला लावून गावोगाव फिरायचा. हुस्नबानोला तो उंची माल दाखवतच नसे.

"खरा मोगरा चंदनाच्या तेलात उतरते. तो रजवाड्याचा," कादर म्हणायचा. "हा गरिबाचा. लावल्याबरोबर कच्च्या पाल्यावानी कडू लागते, पहिल्या घडीले नाक मुरडशीन. मंग हळूहळू गोड होते, फुलते, चार घरं ओलांडून जाते. अन् दुपार कलली का निस्तं तेल. दोन आण्यात अजून काय, जन्नत पायजे का?"

"माह्या बाया काही तक्रार करत नाईत," हुस्नबानो म्हणायची, आणि कादर घाईघाईनं पेटी बंद करायचा.

हे बोलणं भिंतीपलीकडून कोकिळा ऐकायची. कोकिळा म्हणजे किसनराव पाटलांची बायको. पुढलं दार हिंदूंच्या आळीत आणि मागलं दार मुसलमानांच्या गल्लीत, असं त्यांचं घर. मधली मातीची भिंत पावसानं झिजून छातीएवढी उरली होती. कोकिळेचा दिवस पहाटे तुळशीपाशी सुरू व्हायचा आणि संध्याकाळी देवापुढं दिवा लावून, अक्षर अक्षर जुळवत पोथीचं पान वाचून संपायचा. खोटं बोललं की जिभेला पाप चिकटतं आणि ते पाण्यानं जात नाही, असं तिच्या आईनं तिला लहानपणी सांगितलं होतं. तिनं ते खरं धरलं होतं. तिची एकच हौस होती. विहिरीच्या सांडपाण्यावर एक मोगऱ्याचं झाड तिनं वाढवलं होतं, आणि चैत्र लागला की रोज सकाळी पहिली ओंजळ देवाला आणि उरलेल्या फुलांचा गजरा आपल्या अंबाड्यावर.

हुस्नबानो तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. कोकिळा तिला आपा म्हणायची. दिवस मावळायला दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी टेकायच्या, तेव्हा हुस्नबानो पुढं वाकून कोकिळेच्या केसांचा वास घ्यायची.

"उडाला सकाळचा मोगरा. म्हंजे अजून जित्ती हायेस."

"अवो आपा, दिवाबत्तीच्या टायमाले काय बोलता!"

"खरं तेच बोलते. जित्तं अंग वासाले खाऊन टाकते. माह्या बायांच्या अंगावरचा उडत नाई, त्यांच्यासंगच मातीत जाते." आणि मग तोंडाला पदर लावून हसायची. तिचं हसणं फक्त कोकिळेला ठाऊक होतं. बाकी गावाला तिच्या हाताचा वास तेवढा माहीत. बाजारात ती भाजी निवडायला वाकली की शेजारची बाई पोराला मागं ओढायची.

कोकिळेची सासू सोजराबाई ओसरीवरून ओरडायची, "झालं का वो भिताडासंग बोलून? का गाईच्या धारेले मी बसू?"

मग तो सन अठराचा अश्विन आला. पावसानं आधीच पाठ फिरवली होती, ज्वारी कमरेएवढीही झाली नव्हती. त्या साली नवरात्र आणि मोहरम एकाच आठवड्यात आले आणि त्यांच्या मागोमाग मानमोडीच्या तापाची साथ. सकाळी अंग कसकसतंय म्हणणारं माणूस तिसऱ्या दिवशी मान टाकायचं. घट बसले, पण आरतीला चार माणसं जमेनात. ताबूत बसले, पण उचलायला खांदे मिळेनात. स्मशानात लाकडं आणि कबरस्तानात खोदणारे, दोन्ही संपत आले.

एरवी मयत सकाळचं असलं तर दुपारपर्यंत घरात राहायचं. मलकापूरचा भाऊ येऊ द्या, नांदुऱ्याची लेक येऊ द्या, असं चालायचं. आता भीतीनं कोणी कोणासाठी थांबेना. श्वास थांबला असं वाटलं की तासाभरात माती. हुस्नबानो एका घरातून निघायची ती थेट दुसऱ्या घरात. संध्याकाळी भिंतीपाशी यायची तेव्हा बोटांची कातडी पाण्यानं सुरकुतलेली असायची.

"आज किती?" कोकिळा विचारायची.

"नको विचारू. तू देवाजवळ बस. माह्या वाटनीचंबी बस."

बिलकिस मलकापूरला दिली होती. जावई जिनिंगमध्ये कामाला. मोहरमसाठी म्हणून ती माहेरी आली होती, सतरा-अठरा वर्षांची, अजून लग्नाचा रंग अंगावर. आल्या दिवशी तिनं भिंतीवर बसून सीताफळं खाल्ली. डोंगराकडच्या बाया टोपल्या घेऊन यायच्या, त्यांच्याकडून तिनं कोकिळेसाठीही घेतली होती.

"मावशी, पाहू कोनाची बी दूर जाते!"

"लगन झालं तुहं, बिलकिस. अशी थुंकतीस का?"

"सासू कुठी पाहून राह्यली अठी?"

आणि दोघींनी बिया थुंकल्या. बिलकिसची बी विहिरीपर्यंत गेली. कोकिळेची तुळशीपाशीच पडली, म्हणून कोकिळेनं पटकन उचलून हात जोडले आणि बिलकिस हसून हसून भिंतीवरून पडायची राहिली.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला. त्याच दिवशी हुस्नबानोलाही. दोघी एकाच चटईवर. आठव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हुस्नबानोचा आवाज आला. रडण्याचा नव्हता. पाणी मागावं तसा साधा आवाज.

"कोकिळाबाई, बिलकिस उठत नाई वो."

कोकिळा भिंतीपाशी धावली. हुस्नबानो दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोळे लाल, नाक सुजलेलं, अंग थरथरतंय. गल्लीतल्या बायांना तिनं हाका मारल्या होत्या. निम्म्या अंथरुणाला होत्या आणि उरलेल्यांनी दारं लावून घेतली होती. कबर खोदणारा म्हणाला होता, आत्ता चला तर चला, मंग तीन हायेत.

"पानी तेवढं ऊन करून दे," हुस्नबानो म्हणाली. "माह्या हातानं चूल पेटत नाई. बाकीचं मी करते."

कोकिळेनं पितळी हंडा चुलीवर चढवला. सोजराबाई ओसरीवरून म्हणाली, "मुसलमानाच्या मयताचं पानी आपल्या चुलीवर? नवरात्र हाये माय, नवरात्र! बाटवतीस का घर?"

कोकिळा सासूला उलटून बोलणारी नव्हती. तिनं आणखी एक लाकूड चुलीत सारलं. पाणी तापल्यावर हंडा भिंतीवर ठेवला, हुस्नबानोनं पलीकडून उचलला. उचलताना ती म्हणाली, "नाक साफ बंद झालं माह्यं. कापूर कोनता, अत्तर कोनतं, काही समजत नाई. निस्ती शिशी ओळखून लावीन."

तासाभरानं चार माणसं जनाजा घेऊन मागल्या गल्लीतून गेली. खांदा बदलायला पाचवा नव्हता. कोकिळा मागल्या दाराच्या उंबऱ्याच्या आत पदर घेऊन उभी होती. जनाजा समोरून गेला आणि तिच्या अंगावर वास आला.

मोगऱ्याचा. असा गोड, असा भरून आलेला, की चैत्रातल्या सकाळी तिच्या स्वतःच्या ओंजळीतूनही कधी आला नव्हता. अश्विनात मोगरा कुठला? तिचं झाड तर पानापुरतं उरलं होतं. वास गल्लीभर राहिला, जनाजा वळल्यानंतरही राहिला. कोकिळेला कीर्तनात ऐकलेलं आठवलं. पुण्यवान जीव निघतो तेव्हा त्याच्या देहाला सुगंध सुटतो. तिचे डोळे भरून आले आणि तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. पोरीला देवानं जवळ केलं, जात पाहिली नाही की धर्म.

ही गोष्ट आपाला सांगायची, असं तिनं तेव्हाच ठरवलं. एवढ्या दुःखात एवढंच हाती देण्यासारखं होतं. वाक्यही तिनं मनात जुळवून ठेवलं: आपा, तुमची बिलकिस पुण्यवान होती, सारी गल्ली दरवळली होती. पण हुस्नबानो त्यानंतर आठ दिवस तापात बेशुद्ध होती. कोकिळा भिंतीवरून पेज पोचवायची. मग सोजराबाई आजारी पडली आणि कोकिळेला श्वास घ्यायला वेळ मिळेना. वाक्य तसंच राहिलं.

हुस्नबानो उठली तेव्हा अर्धी झाली होती. तिचं नाक मोकळं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वाहेदच्या घरून बोलावणं आलं. वाहेद बकऱ्यांचा व्यापार करायचा, त्याची बायको सरवरी पहाटे गेली होती. लोक म्हणाले, तुझीच पोर जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, नको जाऊस. ती म्हणाली, मग कोण जाईल?

सरवरीला तिनं न्हाऊ घातलं. कापूर लावला, अत्तर लावलं, कफनाच्या गाठी मारल्या. बाहेर माणसं घाई करत होती. हुस्नबानो मोरीत हात धुवायला बसली. हात धुताना तिला वास आला. आधी वाटलं, आपल्याच बोटांचा. तिनं बोटं नाकाशी नेली. बोटांना धुतल्या तेलाचा तेवढा वास होता. गोड वास खोलीतून येत होता.

वीस वर्षं ती हे अत्तर मयतांना लावत आली होती. लावलं की ते तसंच राहायचं, कडू, कच्चं. गार अंगावर ते कधी फुलायचं नाही. फुलायला ऊब लागते.

ती धावत आत गेली आणि तोंडावरचं कफन तिनं सोडलं.

"अगं, हे काय करून राह्यलीस!" सरवरीची सासू ओरडली. "बांधलेलं कफन सोडते कोनी? पोरीच्या दुखानं डोस्कं फिरलं हिचं. काढा बे हिले बाहेर!"

"घडीभर थांबा."

"घडीभर थांबून काय, उठून बसते का ती?"

हुस्नबानोनं अत्तराच्या फायातला कापूस ओढला, जब्बारच्या पिंजणीवरचा शेवटचा मऊ कापूस, आणि त्याची एक तार सुटी करून सरवरीच्या नाकाखाली धरली. सासू शिव्या देत होती. वाहेद दारात येऊन उभा राहिला होता. तार हलली नाही. हलली नाही. मग हलली.

सरवरी वाचली. संध्याकाळपर्यंत साऱ्या जळगावात बातमी झाली. पण कौतुक करायला हुस्नबानोच्या दारात कोणी आलं नाही. ज्यांच्या घरात त्या महिन्यात बाई गेली होती ते सगळे तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायला लागले, आणि ती त्यांच्याकडे पाहीनाशी झाली.

त्याच संध्याकाळी ती भिंतीपाशी आली. कोकिळा तुळशीपुढं दिवा लावत होती. हुस्नबानोनं सगळं सांगितलं. अत्तर कसं लागतं, कच्चं कसं राहतं, ऊब मिळाली की कसं फुलतं. कोकिळा काडी हातात धरून ऐकत होती. काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही.

"बाकीच्यांच्या वक्ताले माह्यं नाक शाबूत होतं," हुस्नबानो म्हणाली. "एकीच्याबी अंगावर ते फुललं नाई. हे मी खुदासमोर सांगू शकते. पन बिलकिसच्या दिवशी मले काहीच समजत नव्हतं, कोकिळाबाई. मीच तिले बांधलं. माह्याच हातानं." ती थांबली. भिंतीवर दोन्ही हात पसरून ठेवले होते, जणू भिंत सरकून जाईल. "तू दारात होतीस. जनाजा तुह्या समोरून गेला. तुले वास आला होता का?"

आठ दिवस, पंधरा दिवस जुळवून ठेवलेलं वाक्य कोकिळेच्या जिभेवर होतं. तेच वाक्य. सारी गल्ली दरवळली होती. हुस्नबानोचा ताप उतरला त्या दिवशी, किंवा सोजराबाईला दूध पाजून झाल्यावर एखाद्या दुपारी ती ते बोलली असती तर.

"नाई आला," कोकिळा म्हणाली.

"मोगऱ्याचा? थोडासाबी?"

"कापराचा आला. मोगऱ्याचा नाई."

"तुह्या देवाची शपथ?"

कोकिळेनं तुळशीकडे हात केला. दिवा समोर जळत होता. "शपथ."

हुस्नबानो भिंतीला टेकून खाली बसली आणि बिलकिस गेल्यापासून पहिल्यांदा रडली. कोकिळा पलीकडं उभी राहून ते ऐकत राहिली. तिला रडताही येईना. रडली असती तर कशासाठी, असं हुस्नबानोनं विचारलं असतं.

त्या रात्री पोथी उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. किसनरावानं विचारलं तेव्हा तिनं डोळे दुखतात म्हणून सांगितलं. तेही खोटं, पण आता त्याचं काय?

नंतर कादर आला. मानमोडीतून तो वाचला होता, पण आवाज बसला होता. भिंतीपलीकडून कोकिळेनं ऐकलं.

"आपा, मागल्या खेपेले भरून दिली होती शिशी. दोन महिने पुरते तुले. इतकी रिकामी कशी?"

"नाक बंद होतं तवा हात सैल सुटला असंल," हुस्नबानो म्हणाली.

एवढं वाक्य कोकिळेनं मनात जपून ठेवलं. वास येत नाही म्हणून जास्त ओतलं असेल. जास्त होतं म्हणून दरवळलं असेल. शिवाय तापात गेलेली पोर, तापाची ऊब घडीभर राहतेच. असेलही. कधी कधी आठ-दहा दिवस तिला ते खरं वाटायचं. मग स्वयंपाक करताना हंडा दिसायचा आणि खरं वाटायचं थांबायचं.

चैत्र लागला. झाडाला कळ्या आल्या. पहिल्या ओंजळीचा वास नाकात गेला आणि कोकिळेला मोरीत जाऊन ओकावं लागलं. तिनं ठरवलं, शेगावला जायचं आणि महाराजांच्या समाधीपुढं मोगरा सोडायचा. एखादी गोष्ट जिवाला लागली की बाया ती देवाला सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी हिरवी बांगडी. सोडलं की मग आयुष्यात पुन्हा हात लावायचा नाही. तिला दुसरं प्रायश्चित्त माहीत नव्हतं, आणि हे तर तिला शिक्षा नव्हे, सुटकाच वाटत होती.

नांदुऱ्यापर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. किसनराव बरोबर होता. समाधीपुढं ती गजरा हातात घेऊन बसली. शेवटचा गजरा. तो ठेवायचा आणि उठायचं. हात पुढं केला आणि तिच्या मनात आलं, की परवा संध्याकाळी आपा भिंतीपाशी येईल, केसांकडे पाहील आणि विचारेल, काऊन वो, मोगरा नाही घातला? देवाले सोडला, असं सांगावं लागेल. कधी सोडला, कशापायी सोडला, हे विचारायची तिला गरज पडणार नाही. हुस्नबानो अडाणी होती, पण पन्नास बायांच्या घरातली दुःखं तिनं हातानं धुतली होती. तिला एका क्षणात कळेल.

"ठेव ना," किसनराव मागून म्हणाला. "लोक खोळंबले."

कोकिळेनं गजऱ्यातलं एक फूल काढून वाहिलं आणि मोगऱ्याऐवजी सीताफळ सोडलं. गजरा पुन्हा अंबाड्यावर खोचला. परतीच्या गाडीत सारखा तो वास येत होता, आणि डब्यातल्या एका बाईनं तिला म्हटलं, "किती सुंदर वास आहे हो!"

तो धरून तेवीस चैत्र गेले. एकाही चैत्रात तिनं गजरा चुकवला नाही. सोजराबाई गेली, सुना आल्या. सुना तोंडावर पदर धरून हसायच्या, की आत्याबाईंले या वयात फुलाची हौस. किसनरावालाही ते बरं वाटायचं. कोकिळेच्या डोक्यावर मोगरा उमलायचा आणि ती भाकरी थापायची, दूध तापवायची, पूजा करायची. देवाला वाहिलेला मोगरा तिला चालायचा. डोक्यावरचा चालायचा नाही. तरी दिवस मावळेस्तोवर तो डोक्यावरच असायचा.

संध्याकाळी हुस्नबानो वाकून वास घ्यायची. "उडाला. जित्ती हायेस."

"हाव आपा," कोकिळा म्हणायची. "जित्ती हाये."

हुस्नबानोनं काम सोडलं नाही, पण एक रीत नवी पाडली. अत्तर लावून झालं की ती मयताजवळ बसून राहायची, घडीभर, दीड घडी. बाहेरून कितीही ओरडले तरी. "वास पाहू द्या," एवढंच म्हणायची. लोक कुरकुरले, मग सवय झाली. मग तर कोणाकडे म्हातारं माणूस गेलं की लोकच विचारायचे, हुस्नबानोनं वास पाहिला का.

सरवरीचं मात्र बरं झालं नाही. कफनातून उठलेल्या बाईच्या हातचं सासू खाईना. वाहेदनं वर्षभरात दुसरी केली. पोरं तिला पाहून पळायची. हुस्नबानोनं तिला आपल्या घरात आणून ठेवलं आणि काम शिकवलं. दोघी एकाच गल्लीत, पोरं पळतात अशा. पण हुस्नबानो म्हणायची, घरात कोणीतरी श्वास घेतं, ते ऐकलं की झोप लागते.

सन एक्केचाळीसच्या वैशाखात हुस्नबानो अंथरुणाला खिळली. कोकिळा तोपर्यंत कधी त्या घरात गेली नव्हती, सगळं भिंतीवरून. त्या दिवशी ती पुढल्या दारानं निघून, सारी आळी वळसा घालून, हुस्नबानोच्या चटईपाशी जाऊन बसली. अंबाड्यावर सकाळचा गजरा होता.

हुस्नबानोनं हात वर करून गजऱ्याला लावला.

"तुमच्यात सोडायची रीत हाये," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "जिवाले खाते ते तुमी देवाले सोडता. मले माहीत होतं. म्हून दरवर्षी चैत लागला का मी पह्यले तुह्या केसाकडे पाहो. आता सोडला असंल, आता सोडला असंल. तेवीस वर्सं पाह्यलं, कोकिळाबाई. तू नाई सोडला. त्याच्यावर जगली मी."

कोकिळेनं तिचा हात हातात धरला. बोलण्यासारखं खरं तिच्याजवळ नव्हतं आणि खोटं एकदा बोलून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हुस्नबानो गेली. ऊन वर येत असताना सरवरी भिंतीपाशी आली. तिच्या हातांना अत्तराचा वास होता.

"आपानं सांगून ठेवलं होतं," सरवरी म्हणाली. "माह्या वक्ताले कोकिळाबाईले बोलवजा म्हने. माह्यं नाक नको, तिचं पायजे. तिचं नाक खोटं बोलत नाई म्हने."

धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, मयताच्या घरी? सुतक नाही, सोयर नाही, लोक काय म्हनतीन?" कोकिळा उठली आणि निघाली.

हुस्नबानोला कफन नेसवून ठेवलं होतं. तोंड उघडं होतं. बाहेर माणसं उभी होती, कोणीतरी म्हणत होतं, ऊन चढून राह्यलं, उचला. कोकिळा जवळ बसली, वाकली, आणि तिला खोलीभर मोगरा आला. गोड, भरून आलेला. मग तिला कळलं, की वास आपल्याच डोक्यावरून येतोय.

तिनं गजरा काढला आणि सरवरीजवळ दिला. "बाहेर ठेव. भिताडावर."

मग ती वाट पाहत बसली. घडी झाली. दीड घडी झाली. दारातून कोणी हाक मारली तेव्हा सरवरी म्हणाली, "वास पाहू द्या," आणि हाक थांबली. कोकिळेनं पुन्हा वाकून हुस्नबानोच्या कपाळाशी नाक नेलं. कच्च्या पाल्याचा कडवट वास, त्याखाली पातळ तेल. फुललं नव्हतं. तिनं आणखी थोडा वेळ घेतला. मग तळहात, मग पावलं. सगळीकडे तेच, कच्चं.

"न्या," कोकिळा म्हणाली.

चार जणांनी उचललं, आणि या वेळी खांदा बदलायला मागं गल्ली भरून माणसं होती. कोकिळा त्यांच्या मागून मागल्या गल्लीनं आपल्या दाराकडे गेली. भिंतीवर गजरा पडला होता, उन्हानं कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. तिनं तो उचलला नाही. दुसऱ्या दिवशी झाडाला फुलं आली, ती सगळी तिनं देवाला वाहिली, आणि अंबाडा तसाच मोकळा ठेवून चुलीपाशी बसली.